अलमट्टीला किती दिवस शिव्या घालणार?

पंचगंगाकाठ: जुलै उजाडला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायचं, हा आम्हा कोल्हापूरकरांचा उद्योग. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. दोन्ही वेळा खापर फोडलं कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर. पाऊस बेफाम झाला, मान्य. पण निळ्या पूररेषेच्या आत मुरूम ओतून अपार्टमेंट कुणी उठवली? शिरोलीजवळ महामार्गाचा भराव नदीला आडवा पडलाय, तो काय कर्नाटकानं टाकला?

शिरोळकर: शहरात बसून बोलायला काय जातंय! आमच्याकडं पाणी चढतं ते फुगवट्यानं, धरणात अडवलेलं पाणी मागं सरकतं म्हणून. धरण ५१९.६० मीटरवर भरून ठेवलं की वरचं पाणी जाणार कुठं? त्यात आता उंची ५२४.२५६ करायची म्हणतात. तुमचं अपार्टमेंट बुडालं तर विमा आहे. आमचा ऊस पाण्यात उभ्यानं कुजतो, त्याचं काय?

पंचगंगाकाठ: शिरोळकर, १९८९ चा महापूर विसरलात का? तेव्हा अलमट्टीत पाणी अडवायला सुरुवातही नव्हती. आणि २०१९ नंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही पुराचं कारण अलमट्टी नाही, असंच सांगितलं. उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण आपल्या अंगणातली घाण झाकायला ते धरण वापरू नका.

शिरोळकर: समितीवाले येतात, चहा पितात, जातात. ८९ ला पूर आला तसा ओसरला. आता पाणी हटतच नाही, हा फरक रानात उभं राहिल्याशिवाय कळायचा नाही.

वाडीकर: पूर नवा नाही हो. नरसोबाच्या वाडीत दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहिलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक आंघोळीला धावतात. नदी दरवर्षी पात्राबाहेर येणारच. त्यात माणसाचा दोष कसला?

पंचगंगाकाठ: वाडीकर, नदी बाहेर येण्यावर तक्रार नाहीच. ती जिथं येते तिथं सातबारा आपला कसा झाला, एवढंच विचारतोय.

कुंभारीण: 'आपण', 'माणूस' म्हणता त्यात कोण कोण धरलंय? बिल्डर आणि आम्ही एकाच मापात? पूर येतो नेमका गणपतीच्या तोंडावर. माळ्यावर चढवलेल्या मूर्ती वाचल्या. खालच्या ओळीतल्या शाडूच्या मूर्तींचे आधी पाय विरघळले, मग सगळी ओळ एकमेकांवर कलली. ऑर्डरचे पैसे परत द्यावे लागले ते वेगळंच. आम्ही काही भराव टाकला नव्हता.

पंचगंगाकाठ: ताई, तुमचं बरोबर. पण नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांना ८९ नंतर वर सोनतळीला जागा दिल्या, तरी कितीतरी घरं अजून खालीच आहेत.

कुंभारीण: घर हलवता येतं. म्हशी, रान आणि गिऱ्हाईक कोण हलवणार? आधी त्या मुरूम ओतणाऱ्यांना परवानगी देणाऱ्या सहीची नावं काढा, मग आम्हाला सोनतळी दाखवा.

शिरोळकर: ताईंना माझा पाठिंबा. अलमट्टी मात्र मी सोडणार नाही.