मदत हवी आहे: २००७-०८ आय-लीगच्या गोलांचा हिशेब जुळत नाही

आय-लीग या भारतातल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या मोसमाचा सामनावार तक्ता जुन्या कात्रणांवरून लावतोय. दहा संघ, प्रत्येकी १८, एकूण ९० सामने, तेवढे भरले. धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, दोघांचेही ३६ गुण बरोबर येतात. पण केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी यायला हवी, ती एकाने चुकते. वरचे दोघे समान गुणांवर असताना एक गोलही सोडून चालणार नाही. स्वयंगोल प्रतिस्पर्ध्याच्याच खात्यात घातलेत. संशय फातोर्ड्यातल्या एका सामन्यावर आहे: दोन संघांच्या नोंदी दोन कात्रणांवरून घेतल्या, त्यातल्या एकाची शाई नेमकी घडीवर उडालीय, २ की ३ कळत नाही. अंतिम गुणतक्ता नको, त्यात चुकलेला सामना दिसत नाही. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या मोसमातल्या मराठी दैनिकांचे अंक चाळायला मिळतात का, आणि पानाचा फोटो काढू देतात का?