प्रतिसाद: ऑक्टाव्हिया आरएसला १९ इंची रिम?

दादा, तुमची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस कोइम्बतूरच्या रेसिंग ट्रॅकवर न्यायची आणि रिम १९ इंची घ्यायची म्हणताय, ते मला काही पटलेलं नाही. १९ शोभेला झकास, पण वजन वाढतं, टायरची भिंत पातळ होते आणि सातारा-मेढा रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात रिमचा काठ वाकायची भीती.

उलट १७ बघा. सध्याचा १८ इंची रिमचा टायर (२२५/४० आर१८) आणि १७ इंचीचा (२२५/४५ आर१७) यांच्या व्यासात जेमतेम ३ मिमीचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. फक्त कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) जागा पुरते का, ते रिम चढवून हाताने फिरवून बघा.

आता खरी मेख बोल्टची. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ, ५x११२ (५ बोल्ट, ११२ मिमी व्यास) जुळला की दुकानदार ‘बसतंय की’ म्हणून मोकळा होतो. पण कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं आणि बाहेरच्या बऱ्याच रिमला शंकूच्या आकाराचं लागतं. जुनेच बोल्ट आवळले तर ते नीट टेकत नाहीत, आणि ट्रॅकवर सैल होतात. हबचं, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या मधल्या गोलाचं, माप ५७.१ मिमी. रिमचं मधलं भोक त्याहून मोठं असेल तर फट भरायची रिंग ॲल्युमिनियमची घ्या. ब्रेकच्या उष्णतेत प्लॅस्टिकची पघळते.

टायर सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे) घ्यायचे तर ते वेगळ्या रिमवर ठेवा. खाचा कमी, त्यामुळे जुलैत कासच्या घाटात पाणी साचलं की गाडी तरंगते. शिवाय हवा ट्रॅकवर गरम टायरमध्येच मोजा, चार फेऱ्यांत ५-६ पीएसआय सहज चढते.

बजेट किती धरलंय?