डीसी डायनॅमोत लोड दिल्यावरच ठिणग्या का? मदत हवी आहे

मंडळी, फॅरेडेचा 1831 चा नियम कळतो: कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलला की व्होल्टेज तयार होतं. फिरत्या कॉइलमध्ये ते दर अर्ध्या फेरीला उलटतं, म्हणजे आत एसीच. मग कॉम्युटेटरची (कॉइलसोबत फिरणारं, फटींनी तुटलेलं धातूचं कडं) दोन अर्धी कडी त्याच क्षणी ब्रश (कड्यावर टेकून करंट बाहेर नेणारे स्थिर तुकडे) बदलतात आणि बाहेर दिशा एकच राहते. इथपर्यंत ठीक.

अडतंय ते अदलाबदलीच्या क्षणापाशी. तेव्हा कार्बन ब्रश दोन्ही कड्यांना एकदम टेकलेला असतो, म्हणजे कॉइल चक्क शॉर्ट! पुस्तकं म्हणतात की तेव्हा व्होल्टेज शून्य असतं, म्हणून चालतं. पण माझ्याकडच्या जुन्या डायनॅमोत (याच्या कॉम्युटेटरला दोनऐवजी बरेच खाप, म्हणजे तुकडे, आहेत) नुसता फिरवला तर ब्रश शांत, बल्ब जोडला की फटींपाशी निळसर ठिणग्या. खाप घासून साफ केलेत, ब्रशही नीट बसलेत.

आर्मेचरच्या (फिरणाऱ्या कॉइल्सच्या) स्वतःच्या करंटमुळे चुंबकक्षेत्र तिरकं होऊन शून्याची जागा सरकते का? की कॉइलचं इंडक्टन्स करंट पटकन उलटू देत नाही? ब्रश फिरण्याच्या दिशेने थोडे सरकवावेत असं वाचलं, पण लोड बदलला की जागाही बदलणार ना? जाणकारांनी जरा आकृती काढून सांगितलं तर उत्तम.