शब्दचर्चा : ‘अनलाइकली’ प्रेमाला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती : ‘मॉन्स्टर्स बॉल’ (२००१) या चित्रपटाची दोन ओळींची ओळख लिहायची आहे. इंग्रजीत काम तीन शब्दांत आटोपतं : रेसिझम, ग्रीफ, अनलाइकली लव्ह. मी लिहिलं, ‘वर्णद्वेष, दुःख आणि अनपेक्षित प्रेम यांची कथा’. चूक काही नाही, पण हे लेबल कुठल्याही बाटलीला चिकटेल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (पुढे शेवटही फुटणार आहे) : जॉर्जियातला तुरुंग. हँक हा मृत्युदंड अमलात आणणाऱ्या पथकातला गोरा अधिकारी. बाप बक त्याच खात्यातून निवृत्त, मुलगा सनी त्याच तुरुंगात नोकरीला. लॉरेन्स या काळ्या कैद्याला हे विजेच्या खुर्चीपर्यंत नेतात. पुढे सनी जीव देतो. लॉरेन्सची बायको लेटिशिया हिचा मुलगाही गाडीखाली जातो. आणि ही दोन उरलेली माणसं एकमेकांजवळ येतात. तिन्ही शब्दांवर मतं द्या.

प्रतिसाद : पहिला शब्द ठेवा. ‘वर्ण’ म्हटलं की आधी चातुर्वर्ण्य आठवतं हे खरं, पण दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी ‘वर्णभेद’ आणि ‘वर्णद्वेष’ दोन्ही रुळवले. फरक एवढाच की भेद कायद्यात असतो, द्वेष पोटात. या गोष्टीत कायदा कुणाला अडवत नाही, म्हणून ‘द्वेष’च.

प्रतिसाद : मी ‘वंशद्वेष’ म्हणेन, आणि तेही याच चित्रपटापुरतं. ‘वंश’चा एक जुना अर्थ वेळू, बांबू. पेरावर पेर चढत जातं. बक, हँक, सनी ही तीन पेरं. बक उघड शिव्या देतो. हँक शेजारच्या काळ्या पोरांना बंदुकीचा बार काढून हुसकावतो. सनीची त्याच पोरांशी मैत्री असते. म्हणजे द्वेष त्या घरात वारशाने उतरतो आणि तिसऱ्या पेरात अडतो. सनी गेल्यावर घर शब्दशः निर्वंश. ‘वर्ण’ या शब्दात हे सगळं मावत नाही.

धागाकर्ती : हे फारच सुंदर आहे, पण दोन ओळींत वाचकाला वेळूपर्यंत कशी नेऊ? ‘वंशद्वेष’ वाचून तो ‘वंशच्छेद’ समजून बसायचा.

प्रतिसाद : त्यापेक्षा नुसत्या ‘द्वेष’ या शब्दाकडे बघा. सनी बापाला विचारतो की तुम्ही माझा द्वेष करता ना. बाप म्हणतो, हो, पहिल्यापासूनच. पोरगा म्हणतो, मी मात्र तुमच्यावर प्रेमच केलं. आणि समोरच छातीत गोळी घालून घेतो. इथे उपशीर्षकात ‘द्वेष’ लिहिलात की प्रसंग गेला. घरात कुणी असं पोथीतलं बोलत नाही. ‘राग’ चालणार नाही, राग उतरतो. ‘तिटकारा’ जरा किळसेकडे झुकतो. मी लिहिलं असतं, ‘मी तुम्हाला डोळ्यांसमोर नको असतो ना?’ त्यावर बापाचं उत्तर नुसतं ‘कधीच नव्हतास’. मुळापासून थोडं सरकलं, पण कानाला खरं वाटतं.

प्रतिसाद : ‘नको असतो’ला ‘कधीच नव्हतास’ हे उत्तर उलटं पडतंय! ‘कधीच नको होतास’ करा. बाकी पटलं. आणि ‘तुम्ही’ ठेवलंत तेही बरं. त्या घरात बापाला ‘अरे’ म्हणायची कुणाची छाती नाही. ‘तू’ आलं की जवळीक आली, आणि तिथे नेमकी तीच नाही.

प्रतिसाद : दुसऱ्या शब्दाबद्दल. ‘दुःख’ फार पसरट आहे, दात दुखण्यापासून पुत्रवियोगापर्यंत सगळं त्यात येतं. ‘शोक’ हा नेमका मृत्यूनंतरचा शब्द. पण शोकाला माणसं लागतात. म्हणून शोकसभा असते, दुःखसभा नसते. हँक मुलाला परसात पुरतो तेव्हा त्याला प्रार्थना नको असते, पेटीवर माती पडल्याचा आवाज पुरे असतो. त्याला मी ‘शोक’ म्हणणार नाही. तो दुःख गिळतो. उलट रुग्णालयात लेटिशियाला मुलगा गेल्याचं कळतं, त्या प्रसंगाला ‘हंबरडा’च. हंबरणाऱ्या गाईवरून आलेला शब्द आहे, उगाच नाही. एकाच चित्रपटात गिळलेलं आणि फोडलेलं अशी दोन्ही टोकं आहेत. ग्रीफ म्हणून दोघांना एका पिशवीत कोंबायचं ही इंग्रजीची सोय, आपण का पाळायची?

प्रतिसाद : ‘सुतक’ कुणी सुचवलं नाही अजून!

प्रतिसाद : कारण सुतक फिटतं.

प्रतिसाद : मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘विजोड’ का नको? विजोड प्रेम. दोन अक्षरं कमी आणि अर्थ चोख.

प्रतिसाद : ‘विजोड’ हा बघ्यांचा शब्द आहे. जोडपं स्वतःला कधी विजोड म्हणत नाही, ओसरीवर बसलेले म्हणतात. इथे ओसरीवर बक बसलाय. लेटिशिया हँकसाठी हॅट घेऊन घरी येते, तेव्हा बक तिच्या तोंडावर जे घाणेरडं बोलतो ते ऐकून ती उलट पावली निघून जाते. तुमच्या ओळखीत ‘विजोड’ आलं की तुम्हीही बकशेजारी जाऊन बसलात.

आणखी एक. गोऱ्या-काळ्यांचं लग्न गुन्हा ठरवणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. तोवर ते ज्या १६ राज्यांत होते त्यांत जॉर्जियाही होतं. शेजारच्या अलाबामाने आपल्या राज्यघटनेतलं तसलं कलम मतदान घेऊन काढलं ते २००० साली, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या वर्षी. तेव्हा बकच्या पिढीला हे प्रेम ‘निषिद्ध’, हँकला ‘अवचित’. शब्द बघणाऱ्याच्या वयावर ठरतोय.

प्रतिसाद : आणि लेटिशियाला? तिचा शब्द कुणी विचारलाच नाही. मला विचाराल तर ‘आसरा’. तिला घर सोडायला लावतात, गाडी कधीच बंद पडलेली. हँक मेलेल्या मुलाचा ट्रक तिला देतो, राहायला जागा देतो, विकत घेतलेल्या पेट्रोल पंपाला तिचं नाव देतो. देणारा हात जवळजवळ कायम त्याचा. ती एक हॅट आणते, तर तिच्या वाट्याला बक येतो. हॅली बेरी या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली (मार्च २००२), अभिनयाबद्दल वादच नाही. पण अनेक प्रेक्षकांसारखंच मलाही खटकतं की गोऱ्या माणसाचं पापक्षालन व्हायला काळ्या बाईचं दुःख खर्ची पडलंय. याला सरळ ‘प्रेम’ म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद : एवढं नका ताणू. बापाला वृद्धाश्रमात नेऊन ठेवणारा, नोकरी सोडणारा हँक फक्त पापक्षालन करतोय? आसऱ्यातून प्रेम होतच नाही का?

प्रतिसाद : अवांतर : नावाचं काय? चित्रपटातच हँक सांगतो की फाशीच्या आदल्या रात्री इंग्लंडात कैद्यासाठी जल्लोष व्हायचा, त्याला ‘मॉन्स्टर्स बॉल’ म्हणत. ‘राक्षसाची मेजवानी’ केलं तर बालनाट्य वाटेल. तसंच राहू द्या.

धागाकर्ती : नाव तसंच ठेवते. काल शेवट पुन्हा पाहिला. घरात लेटिशियाला लॉरेन्सने काढलेली हँकची आणि सनीची चित्रं सापडतात, आणि आपल्या नवऱ्याला खुर्चीपर्यंत नेणारा हाच होता हे तिला कळतं. हँक आइस्क्रीम घेऊन येतो. दोघं मागच्या पायऱ्यांवर बसतात. समोर परसातली थडगी. तो तिला चमच्याने भरवतो आणि म्हणतो, सगळं नीट होईल आपलं. ती काही बोलत नाही.

इंग्रजीत तो ‘वी’ म्हणतो. मराठीत तिथे ‘आम्ही’ येऊच शकत नाही, ‘आपण’च लागतं, म्हणजे ऐकणारीला धरून. तो तिला न विचारता त्या ‘आपण’मध्ये घेतो. ती त्यात आली की नाही, हे तिने सांगितलेलंच नाही. मला वाटतं माझा शब्द इथेच कुठेतरी आहे.

सध्याचा मसुदा : ‘पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला वर्णद्वेष, एकाने गिळलेलं आणि एकीने फोडलेलं दुःख, आणि त्यातून दोघांत अवचित उगवलेलं काहीतरी.’

प्रतिसाद : ‘एकीने फोडलेलं दुःख’ नाही होत. हंबरडा फोडतात. ‘गिळलेलं आणि मोकळं झालेलं’ असं काही बघा. ‘काहीतरी’ला मात्र हात लावू नका.