एक्सटर्नलवर भागवू नका
फोरट्रान भाषेतल्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या विसर्गाचं फंक्शन इंटिग्रेशनच्या (बेरीज-संकलनाच्या) सबरूटीनला पाठवलं की आकडे भलतेच येतात, असं तुम्ही लिहिलंत. मला एक्सटर्नलचाच, म्हणजे फंक्शन नुसतं ‘बाहेरचं’ म्हणून घोषित करण्याचाच, संशय येतो. त्यात फंक्शनला किती आर्ग्युमेंट (आत द्यायच्या किमती) लागतात, कुठल्या प्रकारचे, हे कंपायलरला कळतच नाही. डबल प्रिसिजनच्या (जास्त अचूक) संख्येच्या जागी सिंगल गेलं तरी तो गप्प.

फोरट्रान २००३ पासून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरफेस, म्हणजे फंक्शनला काय काय लागतं याचा नमुना, आहे, तो मॉड्यूलमध्ये एकदा लिहा आणि सबरूटीनमधला आर्ग्युमेंट त्या इंटरफेसचं नाव देऊन प्रोसिजर म्हणून घोषित करा. पाठवायचं फंक्शनही मॉड्यूलमध्येच हवं, हे फार महत्त्वाचं आहे. ते सुट्या फाईलीत राहिलं तर तपासणी पुन्हा हुकू शकते. मॅनिंगचा गुणांक (नदीपात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) फंक्शनच्या आत पोचवायचा असेल तर २००८ च्या मानकाप्रमाणे अंतर्गत (दुसऱ्या प्रोसिजरच्या आतच लिहिलेलं) फंक्शनही पाठवता येतं. पुराच्या गणितात एवढी काळजी घ्याच.