‘पायाला भिंगरी’ म्हटलं की आया खूश होतात: एडीएचडीच्या फॉर्मचं मराठी कसं करायचं?

गोदाकाठ
मी नाशिकजवळच्या एका मराठी शाळेत समुपदेशक आहे. तिसरीच्या मुलांसाठी एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) चाचपायचा व्हँडरबिल्ट नावाचा इंग्रजी फॉर्म, पालकांनी भरायचा, मराठीत करून वापरतेय. कॉनर्स नावाचा असाच फॉर्म विकत घ्यावा लागतो, हा फुकट मिळतो, म्हणून हा. कधीच नाही ०, कधीकधी १, बऱ्याचदा २, नेहमीच ३. लक्ष न लागण्याचे ९ प्रश्न, चंचलपणाचे ९. कुठल्याही नवात सहा ठिकाणी २ किंवा ३ आले की मूल त्यात बसतं.

१४ वा प्रश्न मी आधी ‘अंगात मोटर बसवल्यासारखा सतत चालू असतो’ असा केला. एका आजींनी विहिरीवरची मोटर धरली. म्हणाल्या, “ती लाइट असेल तेव्हाच चालते.” मग ‘पायाला भिंगरी’ लिहिलं, तर आया हसून “हो ना, नेहमीच!” म्हणायला लागल्या. कौतुकच वाटतं त्यांना. जागेवरून उठतो का? आमच्याकडे बाक नाहीत, पट्ट्या आहेत. पोरगं सरकत सरकत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जातं, ते उठणं धरायचं का? वस्तू हरवतो का? पेन्सिल एकच, तीही दप्तराला दोऱ्याने बांधलेली. हरवणार कुठून! ‘मोठ्यांशी वाद घालतो’ला एका बाबांनी ३ दिले. किती वेळा, विचारलं. “दिवाळीत आजोबांना उलटून बोलला ना.”

निम्मा वर्ग बसतोय. भाषांतर चुकलं का माझं?

सावकाश
(पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे.) निम्मा वर्ग नाही बसत हो. २००७ मध्ये पोलांचिक आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा एडीएचडी असलेल्या मुलांचा आकडा ५.२९ टक्के आला होता. आणि देशोदेशीच्या आकड्यांतली तफावत बरीचशी मोजण्याच्या पद्धतीतून येते, असं त्यांना दिसलं.

पण ‘बऱ्याचदा’ म्हणजे किती, हे भरणाऱ्याच्या डोक्यात असतं. १९९२ चा एक अभ्यास आहे: आठ वर्षांच्या चार मुलांच्या त्याच चित्रफिती चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांना दाखवल्या. चिनी आणि इंडोनेशियन तज्ज्ञांनी जास्त गुण दिले. तज्ज्ञांची ही गत, मग त्या बाबांना काय बोलणार?

फॉर्मच्या डोक्यावर एक ओळ आहे: मुलाच्या वयाला साजेसं काय, ते धरून उत्तर द्या. ती तुमच्या मराठीत आहे का? सूचना समजून आपण गाळतो, पण अख्खा फॉर्म तिच्यावर उभा आहे. भिंगरी काढा. ‘जेवतानासुद्धा स्वस्थ बसवत नाही, बरोबरची माणसं दमतात’ असं काहीतरी करा. मग पाच-सहा आयांना प्रश्न वाचून दाखवा आणि “यातून तुम्हाला काय समजलं?” एवढंच विचारा. इंग्रजी फॉर्म न पाहिलेल्या कुणाकडून उलटा इंग्रजी अनुवादही करून घ्या. शब्द बदलले की अमेरिकेतला कटऑफ (ती नवात सहाची अट) जसाच्या तसा लागू होत नाही, तेव्हा निदान म्हणून वापरू नका, फक्त पुढे कुणाला पाठवायचं ते ठरवा. शिक्षकांचा ४३ प्रश्नांचा फॉर्मही घ्या, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसायला हवं. ६ ते ९ वयासाठी इन्क्लेन या संशोधन संस्थेचं भारतात तयार झालेलं साधनही आहे, पण ते प्रशिक्षित माणसाने विचारून भरायचं असतं.

आणि पालकांच्या फॉर्ममधल्या शेवटच्या, ४८ ते ५५ या प्रश्नांचं काय केलंत?

समुद्रपार
आम्ही ओसाकात राहतो. मुलगा तोच, पण शाळेत चुळबुळ्या आणि आजीच्या मते “शांतच आहे गं”. इथे वर्गात जेवण मुलंच वाढतात, वर्ग झाडतातही तीच. पाळी येईपर्यंत थांबता येतं की नाही, हे बाईंना रोज दुपारी दिसतं. आजीसमोर तो प्रसंगच येत नाही, मग ती ० देणार नाहीतर काय?

जुना मास्तर
जन्मतारखा बघा. माझ्या वर्गात ‘वांड’ म्हणून नाव पडलेली अर्धी पोरं वयाने सगळ्यात लहान असायची.

सावकाश
+१. ब्रिटिश कोलंबियातल्या २०१२ च्या अभ्यासात हेच. तिथे शाळेसाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात. जानेवारीतल्या मुलांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्यांना हे निदान मिळण्याची शक्यता मुलग्यांमध्ये ३० टक्क्यांनी जास्त होती, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी.

गोदाकाठ
४८ ते ५५ गाळले होते. अभ्यास कसा चाललाय, भावंडांशी कसं जमतं वगैरे. तिथवर येईतो आया कंटाळतात. ‘संघात खेळणं’ही आमच्याकडे कुठलं, असं वाटलं.

सावकाश
सापडलं! त्या आठांना गुण १ ते ५ असतात, ४-५ म्हणजे अडचण. त्यांत एकातरी ४ किंवा ५ आल्याशिवाय मूल बसतच नाही. चंचल असून काही अडत नसेल तर तो नुसता चंचल. संघाऐवजी भजनीमंडळ, कबड्डी, जे असेल ते विचारा.

गोदाकाठ
बापरे. बरं, सोमवारी पुन्हा बसते. मोटरवाल्या आजी म्हणाल्या, “पोरगं नुसतं वळवळतं.” १४ ला ‘वळवळ’ चालेल?

सावकाश
१४ ला नको, १० व्याला घाला. हातपाय हलवणं, जागच्या जागी चुळबुळणं तिथे आहे. आजींना विचारायला मात्र सोडू नका.