हायपेरॉन प्रोटॉनवर आदळवतात तरी कसे?

रेवा_एमएस्सी
सेमिनारला न्यूट्रॉन तारे घेतलेत. जो पेपर उघडावा त्यात एकच रडगाणं: गाभ्यात हायपेरॉन (स्ट्रेंज क्वार्क असलेले प्रोटॉनचे जड भाऊबंद) तयार झाले की दाब कमी पडतो, मग २ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचा तारा कोसळायला हवा. पण असे तारे सापडलेत! म्हणजे गाडी अडते ती हायपेरॉन आणि न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) एकमेकांना किती ओढतात-ढकलतात यावर. आता लॅम्डा, म्हणजे सगळ्यात हलका हायपेरॉन, जगतो जेमतेम ०.२६ नॅनोसेकंद. त्याचं टार्गेट करता येत नाही, बीमही नाही. मग मोजतात कसं? सर म्हणाले, "हायपरन्यूक्लियसवरून (हायपेरॉन असलेल्या अणुकेंद्रावरून) काढतात," आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

जुना_फायबरवाला
सर चुकीचं बोलले नाहीत. लॅम्डा अणुकेंद्रात अडकलेला असतो हे दानिश आणि प्निएव्स्की या पोलिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच दाखवलं, आणि तो किती घट्ट बांधला जातो यावरून बरंच कळतं. पण ती दहाजणांच्या गर्दीत ऐकलेली कुजबुज झाली. दोघांनाच समोरासमोर आणायचं तर स्कॅटरिंगच हवं, म्हणजे एकाला दुसऱ्यावर आदळवून तो कुठे उडतो ते बघणं.

एवढ्याशा आयुष्याला घाबरू नकोस. सिग्मा-मायनसला (हा दुसरा एक हायपेरॉन) प्रकाशाच्या वेगाने साडेचार सेंटिमीटरच्या आसपास मिळतात. प्रत्यक्षात वेग कमी, म्हणून दोनेक सेंटिमीटर धर. पुरतात. जिथे जन्म तिथेच टक्कर, एवढीच युक्ती. १९६० च्या दशकात हायड्रोजनच्या बबल चेंबरमध्ये (कणाची वाट बुडबुड्यांनी दिसते ते भांडं) हेच केलं, फोटो डोळ्यांनी तपासून. हाती आल्या शेकड्यांत मोजाव्या इतक्याच घटना, आणि पुढची कित्येक वर्षं सगळी मॉडेलं त्याच ३५-३६ मोजमाप-बिंदूंवर बसवली गेली. प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी तेच बिंदू हजारोंनी आहेत!

आता जपानमधल्या तोकाईच्या जे-पार्क या प्रवेगक केंद्रातला ई-४० हा प्रयोग बघ. ऋण पायॉन (हलका, अल्पायुषी कण) द्रव हायड्रोजनवर सोडतात. प्रोटॉनला लागला की धन केऑन (पायॉनचा जड भाऊ) आणि सिग्मा-मायनस. पायॉन आणि केऑन दोन्ही मोजलेले, म्हणून सिग्माचा संवेग न बघताच कळतो. तोच सिग्मा त्याच हायड्रोजनमधल्या दुसऱ्या प्रोटॉनला धडकला, तर तो प्रोटॉन बाहेर उडतो. भोवती पाऊण मिलिमीटर जाडीच्या, कण गेला की चमकणाऱ्या फायबरचे थर त्याची दिशा सांगतात, बाहेरचे बीजीओ (तसेच चमकणारे जड) स्फटिक ऊर्जा.

खरी कसरत पुढे. सिग्मा न धडकताच फुटतो आणि त्याचा न्यूट्रॉन किंवा पायॉन प्रोटॉनला उडवतो. असल्या तोतयांचा सुळसुळाट! मी वेगळ्या प्रयोगाचे फायबर जोडत होतो, पण दुखणं तेच. तोडगा हिशेबाचा: अमुक कोनात उडालेल्या प्रोटॉनची ऊर्जा अमुकच हवी. मोजलेल्यातून अपेक्षित वजा करायची. खरी टक्कर शून्यापाशी शिखर करते, बाकीचे आजूबाजूला पसरतात. दीड कोटीहून जास्त सिग्मांमधून ४५०० च्या आसपास टकरा निघाल्या. २०२१ मध्ये छापून आलं.

कणखर
फायबरवाल्यांना फायबरच दिसणार. 😄 लॅम्डाचं काय? आणि संथ गतीच्या टकरांचं? तिथे बीमची पद्धत लंगडी पडते. सर्नच्या ॲलिस प्रयोगात प्रोटॉन-प्रोटॉन टकरेतून प्रोटॉन आणि हायपेरॉन साधारण १ फेमटोमीटर अंतरात एकत्र निघतात. बाहेर पडताना ओढलं तर जवळच्या संवेगाच्या जोड्या जास्त दिसतात, ढकललं तर कमी. ओमेगा (तीन स्ट्रेंज क्वार्कवाला हायपेरॉन) आणि प्रोटॉनसुद्धा मोजलंय, नेचर, २०२०. ओमेगाचा बीम करून दाखवा की! आपल्या आयआयटी मुंबईचे लोकही ॲलिसमध्ये आहेत, रेवा, मेल टाकून बघ.

जुना_फायबरवाला
मान्य, पण ते कण निघतात त्या स्रोताचा आकार आधी गृहीत धरावा लागतो. आणि लॅम्डासाठी बीम नाही असं नाही: अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या क्लास या डिटेक्टरनेही लॅम्डा-प्रोटॉन मोजलंय, फक्त ०.९ ते २ जीईव्ही संवेगाच्या (म्हणजे वेगवान) पट्ट्यात. तुमचं जिथे संपतं, त्याच्या पुढे आमचं सुरू. दोन्ही लागतात.

रेवा_एमएस्सी
म्हणजे ताऱ्यांचं कोडं सुटलं?

जुना_फायबरवाला
छे. सिग्मा-प्लस आणि प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, पण काही मॉडेलं म्हणत होती तितकं जोरात नाही, एवढं ई-४० ने सांगितलं. ताऱ्यात घनता इतकी की लॅम्डाला एकाच वेळी दोन न्यूक्लिऑन भेटतात, आणि ते त्रिकूट दोघांच्या टकरेतून दिसत नाही. सेमिनारला वजाबाकीचा आलेख लाव. परीक्षक तिथेच थांबतील, तोतयांचा आकार कसा काढला हे विचारतील. ते मात्र पाठ करून जा.